सावंतवाडीच्या भोसल्यांचा गंजिफा

सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या छोट्या संग्रहालयात पाहण्यासारखं बरंच आहे, पण माझा पाय अडतो तो गंजिफांपाशी. हे गोल पत्ते तळहातात सहज मावतात. लाखेच्या झिलईखाली मत्स्यावतार बसलेला असतो, मुकुटापासून शेपटीपर्यंत एकेक रेघ मोजून घ्यावी इतका रेखीव. दशावतारी संचात असे १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. पानावरची खूण अवताराची: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू.

गंजिफा मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच आठ रंगांचा, ९६ पानांचा. दशावतार पत्त्यांवर आले ते इकडच्या मातीत. दरबारासाठी हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचे पत्ते घडत, बाजारासाठी कापडाचे आणि कागदाचे.

सावंतवाडीचा हा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. १७५५ ते १८०३ अशी त्यांची कारकीर्द. जयाप्पा शिंद्यांची मुलगी या घरात सून म्हणून आली आणि दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताबही मिळाला. दरबाराच्या आश्रयाने चिताऱ्यांची घरं नांदली. चितारआळी आजही लाकडी खेळण्यांनी भरलेली असते. पण छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, आणि हाताने रंगवलेला गंजिफा मागणारं गिऱ्हाईक उरलं नाही. एकेका चिताऱ्याने कुंचला खाली ठेवला.

या घराण्याबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. राजेसाहेब शिवरामराजे आणि बडोद्याचं माहेर असलेल्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या सुमारास ही कला जाणणाऱ्या वयोवृद्ध पुंडलिक चिताऱ्यांना गाठलं. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या चिताऱ्यांना काम दिलं, त्याच घरातले धनी-धनीण आता चिताऱ्यापुढे शिकायला बसले. नुसता जुना संच कपाटात जपून ठेवणं सोपं होतं. बहुतेक घराण्यांनी तेवढंच केलं. इथे दरबार हॉलमध्ये कामाला जागा दिली गेली, गावातली मुलंमुली शिकली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पत्ते पुन्हा रंगू लागले. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले. राणीसाहेबांनी त्यानंतरही, २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, हे काम सोडलं नाही.

काम नेटाचंच आहे. चिंचोक्याची खळ लावून थरावर थर चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, अस्तर देऊन घोटायचं. मग रंग, मग बारीक रेषा, शेवटी लाख. एका रंगातली बारा पानं एकाच हाताची दिसली पाहिजेत आणि पाठीमागून सगळी १२० सारखी. एका पत्त्याची पाठ जरा निराळी झाली तरी समोरच्याला तो ओळखू येणार.

म्हणूनच काचेआडचा गंजिफा मला अर्धाच वाटतो. तो तिघांनी खेळायचा, प्रत्येकाच्या हातात चाळीस पानं. हुकूम नाही. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची. खरी मेख पुढे आहे. पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दश्शी भारी आणि एक्का हलका. उरलेल्या पाचांत नेमकं उलट, एक्का भारी आणि दश्शी तळाला. कुठलं पान पडून गेलं, कुठलं अजून दडलंय, हे सगळं डोक्यात ठेवायचं. ब्रिज खेळणाऱ्याने एकदा तरी हा डाव मांडून बघावा.

संग्रहालयवाल्यांना माझं एक सांगणं आहे. पानं ओळीने मांडण्याऐवजी एखादा अर्धा खेळलेला डाव मांडा: तीन हात, मधे पडलेली तीन पानं. आणि शेजारच्या पाटावर वापरायचा एक संच ठेवा, मुलांनी हाताळला तरी चालेल असा. झिजला तर नवा रंगवणारी माणसं त्याच वाड्यात बसलेली आहेत.