धावण्याचे मिनिमलिस्ट बूट

धावण्याचे मिनिमलिस्ट बूट म्हणजे पावलाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी अडथळा आणणारी, पातळ व लवचीक तळाची पादत्राणे होत. कमी वजन, टाच व चवडा यांच्या उंचीतील अत्यल्प फरक आणि पाऊल कलू नये म्हणून बसवलेल्या कडक आधारांचा अभाव ही त्यांची अन्य लक्षणे आहेत. ही व्याख्या २०१५ मध्ये ११ देशांतील ४२ तज्ज्ञांच्या सहमतीने निश्चित करण्यात आली. त्याच वेळी बूट किती प्रमाणात मिनिमलिस्ट आहे हे दर्शवणारा टक्केवारीतील निर्देशांकही मांडला गेला. तळाची जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी, उंचीतील फरक १ मिलिमीटरच्या आत आणि एका बुटाचे वजन १२५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्या त्या निकषाचे पूर्ण गुण मिळतात.

पार्श्वभूमी

अनवाणी धावणे महाराष्ट्राला नवे नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत यांनी धावण्याची सुरुवात अनवाणीच केली. बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता भगवान करे यांच्या जीवनावर २०२० मध्ये मराठी चित्रपट निघाला. जागतिक बाजारपेठेत मात्र या बुटांची लाट क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या २००९ मधील ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकानंतर उसळली. मेक्सिकोतील रारामुरी लोक जुन्या टायरच्या तळाच्या चपला घालून डोंगरांतून लांब पल्ले धावतात, हे त्यातून जगाला कळले. टायरच्या चपलांची ओळख असलेल्या ग्रामीण महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे दाव्यांना मर्यादा पडल्या. पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरील अमेरिकेतील खटला २०१४ मध्ये तडजोडीने मिटवला. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यातही कोणत्याही एका प्रकारच्या बुटाने धावपटूंच्या दुखापती कमी होतात असा भक्कम पुरावा आढळला नाही. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद निवडीसाठी पुरेसा ठरत नाही.

निवड

पहिला विचार बुटाचा नव्हे, तर पायाच्या सवयीचा करावा लागतो. भारतातील २,३०० मुलांच्या पाऊलठशांवरील १९९२ च्या अभ्यासात सपाट तळव्याचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यांवर अनवाणी वाढलेला तरुण आणि शहरात लहानपणापासून जाड तळाचे बूट वापरलेला तरुण एकच बूट घेतात, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर व चवड्याच्या हाडांवर पडणारा ताण नवा असतो तो दुसऱ्यासाठी. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या अनेक धावपटूंच्या पावलांच्या हाडांत सूज दिसून आली. जास्त वजनाच्या धावपटूंना धोका अधिक असतो.

पोलीस भरतीच्या उमेदवारांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, तर राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. चाचणीला काही आठवडे उरले असता हलक्या बुटाने वेळ सुधारेल या आशेने बदल केल्यास हाडाला बारीक चीर जाऊन ती संधीच हुकू शकते. बदल भरतीचा हंगाम संपल्यावर करणे श्रेयस्कर. सुरुवातीस एकूण अंतरापैकी थोडाच भाग नव्या बुटात धावून पुढील काही महिन्यांत तो वाढवावा. चवड्याच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबल्यास दुखत असेल तर धावणे थांबवून तपासणी करून घ्यावी.

दुकानात बुटाचा आतला तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. बोटे कडेबाहेर जात असतील तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. खरा मिनिमलिस्ट बूट हाताने गुंडाळता व पिळता येतो. शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हास बूट सपाटपणा व लवचीकपणा या कसोट्यांवर बरेच उतरतात, पण पुढे निमुळते असल्याने बोटे आवळतात.

जमीन आणि ऋतू

तापीकाठच्या शहादा व तळोदा भागातील काळी माती पावसाळ्यात चिकटते. तेव्हा खोल नक्षीचा तळ लागतो. सातपुड्यात तोरणमाळकडील वाटांवर बेसाल्टचे टोकदार खडे असल्याने अगदी पातळ तळ त्रासदायक ठरतो. बाभळीचा काटा पातळ रबर सहज भेदतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारच्या तापलेल्या डांबरावर अनवाणी धावल्यास तळवे भाजतात. पातळ तळाचा बूटही उष्णता फारशी अडवत नाही. त्यामुळे त्या दिवसांत सराव पहाटे करावा.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी हे बूट टाळावेत. खडा टोचल्याचे त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.