सोरच्या भिंती आणि यहेज्केलचा एकोणतिसावा अध्याय

लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर, बैरूतपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर सूर नावाचं शहर आहे. नकाशात ते टायर म्हणून सापडतं, मराठी बायबलमध्ये सोर म्हणून. तिथे आज भरवस्ती आहे, बाजार आहे, मच्छीमारांचं बंदर आहे, रोमन काळातलं रथांच्या शर्यतीचं प्रचंड मैदान आहे. १९८४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. याच शहराबद्दल यहेज्केल या संदेष्ट्याने सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं की ते पुन्हा बांधलं जाणार नाही, शोधलं तरी कुणाला सापडणार नाही. आणि तरीही ‘बायबलमधलं भाकीत अक्षरशः खरं ठरलं’ हे पटवून देताना ज्या शहराचं नाव हमखास पुढे केलं जातं, ते हेच.

यहेज्केल हा यरुशलेमच्या याजक घराण्यातला. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यहूदाचा राजा यहोयाखीन याला कैद करून नेलं. सोबत दरबारी गेले, कारागीर गेले, तसाच हाही गेला. खबार नदीच्या काठी निर्वासितांच्या वस्तीत त्याला दृष्टान्त होऊ लागले. इ.स.पू. ५८६ मध्ये नबुखद्रेस्सर राजाने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं. यहेज्केल म्हणतो की त्या पाडावाने सोरला आनंद झाला. एक दरवाजा मोडला, आता व्यापार आपल्याकडे वळेल, असा हिशेब त्या शहराने केला. सव्विसाव्या अध्यायातला संताप इथून उसळतो.

सोर होतंही तसंच तोऱ्यात राहण्याजोगं. मूळ शहर बेटावर, किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरच्या आसपास. उत्तरेला एक बंदर, दक्षिणेला दुसरं. चिमूटभर जांभळ्या रंगासाठी हजारो समुद्री शंख फोडायचे आणि तो रंग राजेरजवाड्यांना सोन्याच्या भावाने विकायचा, ही तिथली मिरासदारी. कार्थेज ही याच शहराची वसाहत. सत्ताविसाव्या अध्यायात यहेज्केलने सोरचं वर्णन एक जहाज म्हणून केलं आहे, आणि माझ्या मते प्राचीन व्यापाराचं इतकं जिवंत चित्र फार थोड्या ग्रंथांत असेल. डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओक झाडांची, शीड मिसरच्या वेलबुट्टीच्या तागी कापडाचं. मग मालाची यादी: तार्शीशहून चांदी, लोखंड, कथील, शिसं, यहूदा आणि इस्राएलातून गहू, मध, तेल, कुठून हस्तिदंत, कुठून आबनूस. ज्याचा नाश व्हावा असं तो म्हणतो, त्याचं वैभव त्याने एखाद्या मुनिमाच्या बारकाईने टिपून ठेवलं आहे. शेवटी ते जहाज भर समुद्रात वाऱ्याने फुटतं.

आता मूळ भाकीत. लाटांमागून लाटा याव्यात तशी पुष्कळ राष्ट्रं सोरवर चालून येतील, शहराची माती खरवडली जाऊन उघडा खडक उरेल, तिथे जाळी वाळत पडतील. मग नाव घेऊन सांगितलं आहे: उत्तरेकडून नबुखद्रेस्सर येईल, घोडे, रथ, स्वार घेऊन. मोर्चे बांधील, तटांवर यंत्रं चालवील, घोड्यांच्या टापांखाली रस्ते तुडवील. दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकली जाईल.

नबुखद्रेस्सर आला. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस फिनिशियन नोंदींच्या आधारे सांगतो की राजा इथोबालच्या काळात हा वेढा तेरा वर्षं चालला. पण शहर बेटावर, आणि बाबेलचं बळ जमिनीवरचं. समुद्रमार्गे रसद येत राहिली. अखेर सोरने बाबेलची अधिसत्ता मान्य केलेली दिसते, पण ना तट पडले, ना रस्ते तुडवले गेले, ना लूट हाती लागली.

हे आपल्याला इतिहासकारांच्या तोंडून ऐकण्याची गरजच नाही, कारण यहेज्केलचा ग्रंथच ते सांगतो. एकोणतिसाव्या अध्यायात, सतराव्या ओवीपासून पुढे, इ.स.पू. ५७१ मधला एक संदेश आहे. त्यात म्हटलं आहे की नबुखद्रेस्सरने आपल्या सैन्याकडून सोरविरुद्ध अपार कष्ट करवून घेतले. ओझी वाहून प्रत्येक डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येक खांदा सोलवटला. पण त्या श्रमाची मजुरी ना राजाला मिळाली, ना सैन्याला. म्हणून त्या बदल्यात त्याला मिसर देश दिला जाईल. सोलवटलेले खांदे! विजयाच्या शिलालेखांत असा तपशील कधी सापडत नाही. संदेष्टा इथे शत्रूच्या हमालांकडे पाहतो आहे.

मिसरचं पुढे काय झालं? ब्रिटिश म्युझियममध्ये एक फुटका मातीचा लेख आहे. त्यावरून नबुखद्रेस्सरने आपल्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५६८-६७ च्या सुमारास, मिसरच्या अमासिस राजावर मोहीम काढल्याचं कळतं. पण मिसर पडला नाही. अमासिस इ.स.पू. ५२६ पर्यंत राज्य करत राहिला, आणि तो काळ भरभराटीचा होता. चाळीस वर्षं मिसर ओसाड पडेल, हेही त्याच अध्यायात आहे. ती ओसाडी इतिहासात कुठे दिसत नाही.

मग ‘अक्षरशः खरं ठरलं’ हा दावा उभा राहतो कशावर? सिकंदरावर. इ.स.पू. ३३२ मध्ये तो सोरपाशी आला आणि बेटावरच्या मेलकार्त देवाच्या मंदिरात यज्ञ करण्यासाठी त्याने प्रवेश मागितला. नकार मिळाला, तेव्हा समुद्रात भराव टाकून बेट किनाऱ्याला जोडण्याचं काम सुरू झालं. किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीची घरं पाडून त्यांचे दगड वापरले, लाकूड लबानोनच्या जंगलातलं. सोरकरांनी पेटतं जहाज सोडून भरावावरचे बुरूज जाळले; सिकंदराने भराव पुन्हा बांधला, रुंद केला, सिदोनची आणि सायप्रसची जहाजं मदतीला आणली. सातव्या महिन्यात शहर पडलं. ग्रीक इतिहासकार एरियनच्या मते आठ हजार माणसं मारली गेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली. २००७ मध्ये निक मॅरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला: बेट आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याखाली जेमतेम एक-दोन मीटरवर वाळूचा दांडा आधीच साचलेला होता. सिकंदराचा भराव त्यावर उभा राहिला, आणि पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू धरत गेली. आजचं सूर म्हणूनच बेट नाही.

दगड, लाकूड, माती पाण्यात! साम्य विलक्षण आहे, हे मान्यच करायला हवं. त्यावर बांधलेला युक्तिवाद असा: ग्रंथात काही ओव्या ‘तो’ म्हणतात, तो नबुखद्रेस्सर, पुढे ‘ते’ येतात, ते म्हणजे इतर राष्ट्रं, म्हणजे सिकंदर. हेन्री मॉन्ड्रेल या इंग्रज धर्मगुरूने १६९७ मध्ये तिथे मूठभर मच्छीमार आणि भग्न भिंती पाहिल्या, आणि जाळ्यांचं भाकीत पुरं झाल्याची खूण पटवली. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर कीथने एकोणिसाव्या शतकात भाकितांच्या पूर्ततेवर लिहिलेला ग्रंथ आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपला. विसाव्या शतकात पीटर स्टोनरने प्रत्येक कलमाला शक्यतेचा आकडा देऊन गुणाकार केला आणि सोरची भाकितं योगायोगाने खरी ठरण्याची शक्यता साडेसात कोटींत एक ठरवली. जॉश मॅकडॉवेलच्या १९७२ च्या पुस्तकामुळे तो आकडा जगभरच्या चर्चमध्ये पोहोचला.

हा गुणाकार मला मान्य नाही. घटना घडून गेल्यावर कलमं निवडली, जुळली ती मोजली, न जुळलेली बाजूला ठेवली, तर कितीही मोठा आकडा काढता येतो. नबुखद्रेस्सरच्या घोड्यांच्या टापा त्या यादीत येत नाहीत. ‘पुन्हा बांधलं जाणार नाही’ हे किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीबद्दल होतं असं म्हटलं जातं, पण सव्विसाव्या अध्यायातच किनाऱ्यावरच्या गावांचा उल्लेख वेगळा आहे. समुद्रातलं शहर हेच लक्ष्य आहे. आणि ते शहर तर लगेच सावरलं. सिकंदरानंतर दोन दशकांच्या आत त्याचाच सेनापती अँटिगोनस याला सोर घ्यायला पंधरा महिने वेढा घालावा लागला, इतके तट पुन्हा उभे होते. पौल सोरमध्ये सात दिवस शिष्यांकडे राहिल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. ११२४ मध्ये क्रुसेडरांनी ते घेतलं, १२९१ मध्ये मामलुकांनी. मॉन्ड्रेलने पाहिलेली उजाडी त्यानंतरची.

भाकितं तारखांशी ताडून पाहणारा प्राचीन काळातला सर्वांत तीक्ष्ण टीकाकार पॉर्फिरी हा तत्त्वज्ञ, तो याच सोरचा. जन्म इ.स. २३४ च्या सुमाराचा. बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातलं वर्णन अँटिओकस चौथ्याच्या कारकिर्दीपर्यंत तंतोतंत जुळतं आणि मग घसरतं, म्हणून तो ग्रंथ त्याच राजाच्या काळात लिहिला गेला, असं त्याने दाखवलं. त्याचं पुस्तक जाळलं गेलं. युक्तिवाद उरले ते त्यांचं खंडन करणाऱ्या ख्रिस्ती विद्वान जेरोमच्या दानीएलवरील भाष्यात. आज बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक पॉर्फिरीच्याच बाजूने आहेत.

पण पॉर्फिरीची कसोटी लावून यहेज्केलला नापास करणं, एवढंच मला पुरेसं वाटत नाही. कारण एकोणतिसावा अध्याय कुणी गाळला नाही. यहेज्केलच्या ग्रंथात जेवढे तारखेचे संदेश आहेत, त्यांत हा सर्वांत उशिराचा. आधीचं भाकीत दुरुस्त करणं किंवा काढून टाकणं ग्रंथ जुळवणाऱ्यांच्या हाती होतं. त्यांनी दोन्ही ठेवली, तीन अध्यायांच्या अंतरावर. ज्यांना भाकीत म्हणजे निव्वळ पुढच्या घटनेची बातमी वाटते, ते असं करणार नाहीत. त्यांच्या लेखी संदेष्ट्याचा शब्द हा गर्वावर दिलेला निवाडा होता आणि ऐकणाऱ्याला दिलेली हाक होती.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. मंदिराचा नाश होईल असं बोलल्याबद्दल याजक आणि संदेष्टे यिर्मयाला ठार मारा म्हणत होते. तेव्हा देशातले काही वडीलधारे उभे राहिले आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मीखा संदेष्ट्याची आठवण दिली. सियोन शेतासारखं नांगरलं जाईल, असं मीखा म्हणाला होता. ते घडलं नाही. तरी त्यांनी त्याला खोटा ठरवलं नाही. हिज्कीया राजाने ऐकलं, देवाला विनवलं, आणि देवाने योजलेलं अरिष्ट मागे घेतलं, असं ते म्हणाले. सोरने असा पश्चात्ताप केल्याचं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे ते उत्तर सोरला जसंच्या तसं लावता येत नाही. पण न घडलेलं भाकीत भर न्यायसभेत संदेष्ट्याच्या बाजूने पुरावा म्हणून मांडता येत होतं, हे त्या प्रसंगातून कळतं. यिर्मया वाचला, शाफानचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी होता. तेच शब्द बोलणारा उरीया मात्र मिसरला पळाला होता. यहोयाकीम राजाने माणसं पाठवून त्याला तिथून धरून आणवलं आणि तलवारीने मारलं.