पित्याचे ऋण आणि कन्या

३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात गोपीनाथराव मुंडे यांचे निधन झाले. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी परळीत शोकाकुल जनसमुदायासमोर तीन कन्यांपैकी ज्येष्ठ पंकजा यांनी पित्यास अग्नी दिला. पित्याच्या रिक्त जागी प्रीतम बीडच्या खासदार झाल्या. परळीजवळील गोपीनाथगडावर आजही पुण्यतिथीस जनसमुदाय लोटतो.

आपल्या पेढ्यांच्या पाटीवर वडिलांच्या नावापुढे ‘अँड सन्स’ असते. वडिलांच्या स्मरणार्थ आपण गोशाळेस, स्थानकास दान देतो. पावती मात्र मुलांच्याच नावे फाटते. पित्याचे ऋण कन्येवरही तितकेच असते. ते फेडण्याचा मान तिलाही मिळावा, हीच दिवंगत पित्यास खरी श्रद्धांजली.