अंतर तोडण्याची विद्या

लांब पल्ल्याच्या शर्यतीत ज्याचा दम टिकतो तो जिंकतो, आणि दम ही जन्मजात देणगी आहे, असे आपण सहसा धरून चालतो. हा समज पारखून पाहावयाचा असेल, तर एमिल झाटोपेक या झेक धावपटूची कारकीर्द पाहावी.

त्याचा जन्म १९२२ साली मोरेव्हियातील एका सुताराच्या घरी झाला. पोटासाठी तो झ्लीन येथील बाटाच्या बुटांच्या कारखान्यात लागला. १९४१ साली तेथे त्याला जवळजवळ बळेच एका शर्यतीत उतरविण्यात आले. शंभर स्पर्धकांत तो दुसरा आला. त्याच्या धावण्यात डौल मुळीच नव्हता. मान एका बाजूस कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला. पाहणाऱ्यास वाटावे, हा गडी आता कोसळणार!

मग त्याचे बळ कशात होते? त्याने अंतराचे तुकडे केले. दहा हजार मीटर एका दमात अतिवेगाने धावणे अवघड. परंतु ४०० मीटरचा एक फेरा वेगाने धावता येतो. तो संपला की हळू धावत श्वास सावरावयाचा, आणि छातीची धडधड पुरती निवण्यापूर्वीच दुसरा फेरा सुरू करावयाचा. असे कित्येक फेरे तो रोज करी. त्यामुळे एका दिवसात वेगाने कापलेले एकूण अंतर पुष्कळ वाढे, आणि हृदय व स्नायू यांना त्या वेगाची सवय होई. ही पद्धत सर्वस्वी त्याची नव्हे. जर्मनीत ती आधीपासून होती. पण इतक्या चिकाटीने ती राबविणारा विरळाच.

फळ जगाने पाहिले. १९४८ साली लंडनला त्याने दहा हजार मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीस पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके त्याने आठ दिवसांत जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता! एकाच ऑलिंपिकमध्ये हे तिहेरी यश दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते याच हेलसिंकीत. पुढे १९५४ साली झाटोपेकने दहा हजार मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत कापले. २९ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला मनुष्य.

येथे थांबलो तर चरित्र गोड होईल, पण अपुरे राहील. १९६८ साली सोव्हिएत सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा हा सैन्यातील कर्नल उघडपणे त्याविरुद्ध बोलला. त्याचा हुद्दा गेला, पक्षातून त्याला काढले, आणि घरापासून दूर, खनिजांच्या शोधासाठी जमिनीत भोके पाडणाऱ्या पथकात त्याला राबावे लागले. काही वर्षांनी त्याने आपले शब्द जाहीरपणे मागे घेतले. त्याच्या काही चाहत्यांना ते लागले.

त्याला भेकड म्हणण्यापूर्वी आपण एक विचार करावा. शर्यतीचे अंतर आधी मोजलेले असते. म्हणूनच त्याचे तुकडे करता येतात, आणि दोन फेऱ्यांमध्ये श्वासही घेता येतो. सत्तेच्या दडपणाला अशी अखेरची रेषा नसते. किती सोसावयाचे ते ठाऊक नसताना सोसणे ही निराळी विद्या आहे, आणि ती कोणत्याही मैदानावर शिकविली जात नाही. झाटोपेक २००० साली वारला. त्याची सरावाची पद्धत मात्र, पुष्कळ सुधारून का होईना, आजही जगभरचे धावपटू वापरतात.