विश्लेषण : स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स तीन शतकांनंतरही का वाचले जातात?

भांडी घासणे, भाजी चिरणे, तुटक्या चपला शिवणे... अशा कामांना ना पुरस्कार मिळतो ना बढती. ख्रिस्ती परंपरेत मात्र या कामांतल्या निष्ठेला मोठे मोल आहे. थोडक्यात जो विश्वासू, त्याच्यावरच अधिक सोपवता येते, ही येशूची शिकवण लूकच्या शुभवर्तमानातील १६व्या अध्यायात आढळते. ती रोजच्या जगण्यात कशी उतरते, याचे परिचित उदाहरण म्हणजे १७व्या शतकातील पॅरिसचे ब्रदर लॉरेन्स.

कोण होते ब्रदर लॉरेन्स?

मूळ नाव निकोला एर्मान. जन्म १६१४च्या सुमारास, आजच्या पूर्व फ्रान्समधील लोरेन भागात. शिक्षण बेताचेच. तरुणपणी ते सैनिक होते. युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात पायाला जखम झाली आणि पाय कायमचा अधू झाला. १६४० मध्ये ते पॅरिसमधील कार्मेलाइट मठात दाखल झाले. तेथे पूजाविधी आणि अध्ययन धर्मगुरूंकडे, तर अंगमेहनतीची कामे व्रतस्थ बंधूंकडे असत. लॉरेन्स या दुसऱ्या गटातले.

त्यांना हे काम आवडायचे का?

नाही. स्वयंपाकघराची त्यांना मुळातच नावड होती. तरीही सुमारे १५ वर्षे त्यांनी ते सांभाळले. मठासाठी वाइन खरेदी करायला बर्गंडीला जावे लागे, तेव्हा अधू पायामुळे बोटीवर पिंपांवरून सरपटत हालचाल करावी लागे. पुढे त्यांच्याकडे चपला दुरुस्त करण्याचे काम आले.

मग वेगळेपण कशात?

प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असा भेद त्यांनी ठेवला नाही. तव्यावरचे ऑम्लेट उलटणे असो की जमिनीवरची काडी उचलणे, ते देवावरील प्रेमापोटी करायचे. चूक झाली तर कबूल करायची आणि पुन्हा कामाला लागायचे. मात्र ही शांती सहज मिळाली नाही. मठातील पहिली सुमारे १० वर्षे मोठ्या घालमेलीत गेली.

१६९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर धर्मगुरू जोसेफ द बोफोर यांनी त्यांची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध केली. 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे हे छोटे पुस्तक कॅथलिकांप्रमाणेच प्रोटेस्टंटही वाचतात.

म्हणजे हलके काम निमूट करत राहायचे का?

शंका रास्त आहे. कामाचे गोडवे गाऊन कुणाला कायम तळाशी ठेवणे सोपे असते. जातीनुसार कामे वाटलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. पण योहानाच्या शुभवर्तमानातील १३व्या अध्यायात स्वतः येशू शिष्यांचे पाय धुतात. त्या काळी हे काम नोकराचे होते. म्हणजेच ही शिकवण आधी वर बसलेल्यांना लागू होते. लॉरेन्स यांच्या आयुष्यातून कष्टकऱ्याला गप्प बसवण्याचे समर्थन निघत नाही. न आवडणारे कामही, कुणी पाहत नसताना, नीट करणे ही उपासनाच आहे, एवढे मात्र निघते.