जुन्या पिकअपचा धूर काय सांगत होता?

बीडहून नेकनूरला परतताना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. आमची बोलेरो पिकअप वर्षानुवर्षे पेंडीची पोती आणि शेळ्या घेऊन हा घाट चढत आली. गेल्या उन्हाळ्यात मात्र अर्ध्या घाटातच गरमीचा काटा वर सरकू लागला आणि मागे निळसर धूर सुटला. दर आठवड्याला ऑइल वर ओतावे लागे. नेकनूरच्या बाजारात जनावरे नेणारे व्यापारी भाडे ठरवण्याआधी गाडी बघतात. भाडी तुटू लागली, तशी घरातली काळजी वाढली.

गाडी विकली तर भंगाराचा भाव. नवी घ्यायची तर व्याजाचे कर्ज, आणि त्याला अब्बा तयार नव्हते. अम्मी म्हणाल्या, "चार शेळ्या विका, पण हीच गाडी उभी करा." मग दुरुस्तीच ठरली.

कोणी सल्ला दिला, "पंप वाढवून घ्या, गाडी पळेल." आमचे म्हातारे मिस्त्री हसले. "जास्त डिझेल पाजून म्हातारा जवान होत नाही," म्हणाले. त्यांनी आधी धूर वाचायला शिकवले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर सुरूच राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे. नंतर गाडी चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले, तर आतून धूर फुसफुसत बाहेर आला. मिस्त्री म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन आहे." डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब खाली निसटतो, ताकद जाते आणि ऑइल वर येऊन जळते.

2523 सीसीचे ते चार सिलिंडरचे इंजिन उतरवले. बोअर झिजलेले निघाले. कारण लाजिरवाणे होते. धुळीच्या रस्त्यावर आम्ही एअर फिल्टर वेळेवर बदललाच नव्हता. आत गेलेली बारीक धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहिली होती. दोष गाडीचा नव्हता, आमच्या 'चालतंय की' म्हणण्याचा होता.

बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग असे काम निघाले. हेड तपासून व्हॉल्व्ह ग्राइंड केले, नोझल तपासून घेतले. 'सुधारणा' म्हणून मिस्त्रींनी एवढेच सुचवले : रेडिएटर साफ करून घ्या, खराब झालेला थर्मोस्टॅट काढून न टाकता नवा बसवा, पंख्याचा बेल्ट बदला आणि गरमीचा काटा नीट चालतो याची खात्री करा. घाटात ताकदीपेक्षा थंडावा जास्त कामी येतो.

दुसरे इंजिन बसवण्याचा पर्याय स्वस्त वाटला होता. पण मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीतील असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. इंजिन बदलले तर आरटीओकडे कागदपत्रे देऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. तो न चढवता गाडी पळवली, तर फिटनेसच्या वेळी आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

काम झाल्यावर मिस्त्रींनी बजावले : पहिले हजार किलोमीटर ओझे हलके ठेवा, गाडी दामटू नका, आणि त्यानंतर ऑइल व फिल्टर बदला. आम्ही ते पाळले. एअर फिल्टर, ऑइल, कूलंट यांच्या तारखा अम्मी आता घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

परवा त्याच घाटात शेळ्या भरून गाडी चढवली. काटा जागेवर होता, आरशात धूर दिसला नाही. अल्हम्दुलिल्लाह. आता त्या चार शेळ्यांची भरपाई करायची आहे. भाडी पुन्हा येऊ लागली आहेत.