बंदुकीचा धक्का कुणाच्या कामी येतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर तुम्ही कधी गेला असाल, तर भिंतीला टांगलेला कामठा पाहिलाच असेल. त्याचा दांडा बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. कामठा ओढताना तुमच्या दंडाने जे काम केले ते वाकलेल्या बांबूत साठते आणि दोरी सोडताच तीराला मिळते. पुढचा तीर सोडायचा तर पुन्हा ओढणे आले. प्रत्येक तीरामागे दंडाची मेहनत.

बंदुकीत ही मेहनत दारू करते. मात्र बंदूक भरण्याचे कष्ट पुष्कळ काळ माणसाच्याच माथी होते. जुन्या ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, वर बोळा, मग छर्रे, आणि गजाने सारे ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे काडतूस आले. दारू, बोळा, छर्रे सारे एका टरफलात बसले आणि नळी मागून भरता येऊ लागली.

‘बारा बोअर’ हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. यातले बारा म्हणजे इंच नव्हेत, मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे एक गोळी ३७.८ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३ धरा आणि गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरा. व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो. सोळा बोअरची नळी याहून मोठी की लहान, ते तुम्हीच काढून पाहा. पुष्कळजण येथे फसतात.

आता धक्क्याकडे वळू. बार उडाला की खांद्याला दणका बसतो, हे बंदूक न हाताळलेल्यांनाही ठाऊक असते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. छर्रे जितका संवेग घेऊन पुढे जातात, तितकाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. समजा, छर्ऱ्यांचे वस्तुमान ३२ ग्रॅम आणि त्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटर आहे. संवेग झाला ०.०३२ × ४०० = १२.८. बंदूक ३.२ किलोग्रॅमची असेल तर तिचा मागे येण्याचा वेग १२.८ ÷ ३.२ = ४ मीटर दर सेकंदाला. (दारूच्या वायूंचा संवेग येथे सोडून दिला आहे. तो धरला तर धक्का आणखी वाढतो.) दोघांचा संवेग सारखा, पण गतिज ऊर्जा पाहा. छर्ऱ्यांच्या वाट्याला २५६० ज्यूल येतात आणि बंदुकीच्या वाट्याला २५.६, म्हणजे शंभरावा हिस्सा.

हा शंभरावा हिस्सा नेमबाजाच्या खांद्यात जिरून जातो. मग त्याच्याकडूनच रिकामे टरफल बाहेर फेकण्याचे आणि नवे काडतूस आत सरकवण्याचे काम का करवून घेऊ नये?

हा प्रश्न पडलेल्यांत अमेरिकेचा जॉन ब्राउनिंग हा कारागीर फार मोठा. विंचेस्टर कंपनीची १८९७ सालची प्रसिद्ध ‘पंप’ बंदूक त्याच्याच आराखड्याची. तिच्यात नळीखालची मूठ हाताने मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढे ढकलली की नवे काडतूस आत जाते. सायकलला हवा भरताना हात जसा मागेपुढे होतो तसा होतो, म्हणून तिचे नाव पंप. येथवर मेहनत हाताचीच. त्याच ब्राउनिंगने नंतर धक्क्यालाच कामाला जुंपले. बेल्जियममध्ये १९०२ पासून तयार होऊ लागलेली त्याची बंदूक प्रत्येक बारानंतर स्वतःच भरली जाई. चाप मात्र दर वेळी ओढावा लागे, म्हणून अशा बंदुकीला अर्धस्वयंचलित म्हणतात.

पण काडतुसे काही एकसारखी नसतात. काही जोरकस, काही हलकी. ब्राउनिंगने त्यावर तोड म्हणून आत घर्षणाची कडी बसवली. जोरकस काडतुसासाठी ती एका रीतीने लावायची, हलक्यासाठी दुसऱ्या रीतीने. ती चुकीची लावली तर हलके काडतूस यंत्र पुरते मागे नेत नसे आणि जोरकस काडतूस ते आपटून आपटून लाकूड फोडी.

इटलीतील ब्रुनो चिवोलानी याने निराळी युक्ती काढली. बेनेली या कंपनीने ती वापरात आणली. ही युक्ती समजायला शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या एस.टी.त उभे राहा. गाडी एकदम पुढे निघाली की तुम्ही मागे कलता. गाडी निघाली, पण तुम्ही जडत्वामुळे जागीच राहू पाहिलेत, इतकेच. चिवोलानीच्या बंदुकीत एस.टी. उलट दिशेने जाते, म्हणजे बंदूक झटक्याने मागे येते. आतला एक जड ठोकळा मात्र जागीच राहू पाहतो. त्या दोघांच्या मध्ये एक दणकट स्प्रिंग असते, ती दाबली जाते. क्षणभराने ती उसळते आणि ठोकळ्याला मागे फेकते. ठोकळ्याबरोबर टरफलही बाहेर येते. बंदूक भिंतीला घट्ट टेकवून धरली तर काय होईल? ती मागे येणार नाही, स्प्रिंग दाबली जाणार नाही आणि टरफल आतच राहील.

आता काडतूस फार हलके घेऊन पाहू. समजा, त्यात ८ ग्रॅमच्या रबरी गोळ्या आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला २५० मीटर आहे. संवेग झाला अवघा २. बंदूक मागे येईल सेकंदाला ०.६२५ मीटरने. वेग ६.४ पटींनी घटला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा सुमारे ४१ पटींनी घटते. इतक्या ऊर्जेत ठोकळा जागचा हलत नाही.

येथे मला लूना आठवते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली. इंजिन चालू आहे तोवर ती इंजिनावर पळे. पेट्रोल संपले की स्वार मुकाट्याने पायडल मारत घरी जाई. बेनेली कंपनीची १९८९ सालची ‘एम-३’ ही बंदूक म्हणजे बंदुकांतली लूनाच. मुठीच्या पुढच्या टोकाला एक कडे आहे. ते फिरवले की बंदूक स्वतः भरणारी होते. उलट फिरवले की हाताने ओढायची पंप. तिच्या दहा वर्षे आधी, १९७९ साली, फ्रांकी या इटलीच्याच कंपनीने ‘स्पास-१२’ ही दोन रीतींची बंदूक काढली होती. तिच्यात स्प्रिंगऐवजी नळीतला थोडा वायू बाजूला काढून त्याच्याकडून काम करवून घेतले जाई.

अशा बंदुका वापरणाऱ्यांचे अनुभव मोठे बोलके आहेत. बहुतेकजण ती स्वतः भरणाऱ्या रीतीवरच ठेवतात. पंपाची सोय क्वचितच वापरली जाते. दोन यंत्रे एकात कोंबल्याने वजन वाढते. स्पास-१२ तर चार किलोग्रॅमच्याही वर जाते. गडबडीत कडे कोणत्या बाजूला आहे हे विसरले, तर दुसऱ्यांदा चाप ओढूनही बार होत नाही. आणखी एक गंमत. हौसेने कुणी एम-३ वर जड बॅटरी आणि काडतुसांचा पट्टा चढवतो, आणि कालपर्यंत चालणारे हलके काडतूस आज अडकते. बंदूक बिघडलेली नसते. ३.२ किलोग्रॅमच्या बंदुकीवर ०.८ किलोग्रॅमचा भार चढला की मागे येण्याचा वेग ४ वरून ३.२ वर येतो आणि स्प्रिंगमधली ऊर्जा ६४ टक्केच उरते.

इतके हलके काडतूस हवे कुणाला? शिकारीला नक्कीच नव्हे. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली आहे. ते हवे असते पोलिसांना.

नंदुरबारच्या मुलांना माणिक चौक माहीत आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह हे पाचजण त्यात गेले. शिरीषकुमारचे वय होते पंधरा. तुमच्यातल्या दहावीच्या मुलाएवढे. जमावावर झाडायची रबरी गोळी त्या वेळी नव्हती. ब्रिटिश सैन्याने ती प्रथम १९७० साली उत्तर आयर्लंडमध्ये वापरली. तिनेही माणसे मेली, काहींचे डोळे गेले. काश्मीरमध्ये २०१० पासून पंप बंदुकांतून झाडलेल्या धातूच्या बारीक छर्ऱ्यांनीही अनेकांची दृष्टी गेली. तेव्हा ‘हलके काडतूस म्हणजे निरुपद्रवी काडतूस’ असे समजू नका. वर घेतलेल्या ८ ग्रॅमच्या गोळ्यांची ऊर्जाच काढून पाहा. ती २५० ज्यूल येते. एक किलोग्रॅमचे वजन २५ मीटर उंचीवरून, म्हणजे सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडले तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जवळजवळ इतकीच ऊर्जा असते.

एवढी ऊर्जा असूनही बंदुकीचे यंत्र तिच्यावर चालत नाही, कारण बंदुकीच्या वाट्याला त्यातला जेमतेम चारशेवा हिस्सा येतो. म्हणून शिपाई रबरी काडतूस भरताना कडे फिरवतो आणि मूठ हाताने ओढतो.